साडेसहाशे शब्दांसाठी विषय कसा निवडायचा

आषाढ संपत आला की माझ्या घरी बारावीची मुलं यायला लागतात. मी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जाशी मराठीच्या बाईंचा काय संबंध, असं पालकांना पहिल्यांदा वाटतं. पण त्या अर्जात जो मोठा निबंध लिहायचा असतो, त्यात मुलं इंग्रजीमुळे अडत नाहीत, विषयापाशी अडतात. मुलगा हुशार असतो, बोलतो छान, आणि कागद पुढे ठेवला की म्हणतो, "मॅडम, माझ्या आयुष्यात तसं काही घडलेलंच नाही." २०१८ मध्ये माझ्या भाच्याने अर्ज केला, तेव्हा मी या कामात पडले. त्यानंतर जी मुलं आली, त्यांच्याबरोबर बसून जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी थोडी माहिती. अमेरिकेतली हजारावर कॉलेजं 'कॉमन अ‍ॅप' नावाचा एकच अर्ज स्वीकारतात. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून ही पद्धत सुरू केली. त्यात एक मुख्य निबंध असतो, कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. सात प्रश्न दिलेले असतात, त्यांतला एक निवडायचा. तुमची पार्श्वभूमी किंवा ओळख, एखादं अपयश, तुम्ही शंका घेतलेली एखादी समजूत, कुणी तुमच्यासाठी केलेली आणि मनात राहिलेली गोष्ट, तुम्हाला घडवणारा प्रसंग, ज्यात वेळेचं भान राहत नाही असा विषय, आणि सातवा म्हणजे तुम्हाला हवं ते. सातवा असा मोकळा असल्यामुळे हे प्रश्न आधी वाचून त्यांची उत्तरं शोधत बसू नका. विषय आधी शोधा, तो कुठल्या ना कुठल्या प्रश्नात बसतोच. मी मुलांना पहिले आठ दिवस ते प्रश्न बघूच देत नाही.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी शिक्षक म्हणून रोज बघते. दहावीपर्यंत आपण त्यांच्याकडून 'सूर्य उगवला नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'मी मुख्यमंत्री झालो तर' असे निबंध लिहून घेतो. सुरुवातीला दोन ओळींची कविता, मध्ये तीन मुद्दे, शेवटी संदेश. परीक्षेत त्याला गुण मिळतात आणि ते शिकवण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण त्या निबंधांत लिहिणारा कुठेच नसतो. वर्गातल्या साठ जणांचं फाटकं पुस्तक एकाच आवाजात रडतं. हा निबंध बरोबर त्याच्या उलट आहे. वाचणाऱ्याला हे मूल कसं बघतं, कशात रमतं, कुठे चुकतं आणि चुकल्यावर काय करतं, एवढंच हवं असतं. त्यामुळे निबंधाची वही बाजूला ठेवायची आणि कट्ट्यावर सांगतो तसं सांगायला बसायचं.

म्हणून पहिला आठवडा मी लिहू देत नाही. नुसतं बोलायचं, आणि मराठीतच. मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं आणि समोर कुणीतरी बसायचं: मामी, शेजारचा दादा, मैत्रीण, कुणीही चालेल. आईवडील शक्यतो नकोत. त्यांचं प्रेम आड येतं. मूल एक वाक्य बोललं की ते पुढची तीन पुरी करतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांनाही मी मराठीत बोलायला लावते, कारण इंग्रजीत ती पटकन मोठे शब्द वापरतात, 'रेझिलियन्स', 'लीडरशिप', 'पॅशन'. मराठीत तेच मूल म्हणतं, "मला राग आला होता, म्हणून मी दोन दिवस क्लासलाच गेलो नाही." मला हे मराठीतलं वाक्य उपयोगाचं असतं.

विचारायचं काय? मी साधं विचारते. घरात कुठलं काम तुझंच आहे, म्हणजे तू नसलास तर अडतं? पाहुणे आले की तुला काय विचारतात, आणि त्याचा तुला कंटाळा येतो की बरं वाटतं? रात्री अभ्यास सोडून मोबाईलवर काय शोधतोस? गेल्या दोन वर्षांत तुझं कुठलं मत बदललं, कुणामुळे? तू कशाची नोंद ठेवतोस? कुठली वस्तू टाकून द्यायला आई सांगते आणि तू देत नाहीस? कुणाशी तू वाईट वागलास आणि ते अजून आठवतं? या शेवटच्या प्रश्नावर मुलं गप्प होतात. होऊ द्यावीत, घाई करू नये. चहा टाकायला उठावं.

जेईईच्या इंटिग्रेटेड कॉलेजातली मुलं तर हमखास म्हणतात की आमचा दिवस सकाळी सातला क्लासमध्ये सुरू होतो आणि रात्री नऊला संपतो, आमच्याकडे विषय येणार कुठून. त्यांना मी विचारते, क्लासला जाताना बसमध्ये कुठे बसतोस? डबा कुणाबरोबर खातोस? वहीच्या मागच्या पानांवर काय असतं? मागची पानं मागवूनच घेते. एका मुलाच्या मागच्या पानांवर शिक्षकांच्या बोलण्यातले 'म्हणजे काय तर' मोजलेले होते, तारखेनुसार, दीड वर्षांचे. तो त्याला टाइमपास म्हणत होता. कोणते सर विषय अवघड झाला की तो शब्द जास्त वापरतात, हेही त्याला माहीत होतं. ज्याचं लक्ष इतकं बारीक आहे, त्याला विषय नाही असं म्हणता येत नाही.

पुराची वही

एक मुलगा शुक्रवार पेठेतला, घर नदीच्या अंगाला. तो पहिल्याच दिवशी पूर्ण निबंध लिहून घेऊन आला. विषय होता २०१९ चा महापूर. आठशे शब्द. पंचगंगेने रौद्र रूप धारण केलं, शहर पाण्याखाली गेलं, पण माणुसकी पाण्याखाली गेली नाही, तरुण मंडळांनी जेवणाची पाकिटं वाटली आणि मला माणुसकीचा अर्थ कळला. सगळं खरं होतं. कोल्हापूर-सांगलीच्या शेकडो मुलांना हे लिहिता आलं असतं. त्यात हा मुलगा शोधूनही सापडत नव्हता.

मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, तू तेव्हा कितवीत होतास आणि कुठे बसला होतास? तो म्हणाला, "सहावीत. जिन्यात." मग म्हणाला, "मॅडम, पाणी किती वाजता कितव्या पायरीवर होतं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे." दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. शंभरपानी, कडा फुगलेली, शिसपेन्सिलीने लिहिलेली. 'बुधवार, सकाळी ६:१०, चौथी पायरी गेली.' 'दुपारी २, पाचवी अर्धी.' घरातले सगळे सामान वर चढवत होते, आजी देवघरातल्या मूर्ती पिशवीत भरत होती आणि हा जिन्यात बसून पायऱ्या मोजत होता. आईने त्याला दोनदा ओरडून उठवलं होतं, तेही लिहिलेलं होतं.

तिथून पुढे दर पावसाळ्यात त्याची वही चालूच होती. कोल्हापुरात जून-जुलैत घराघरांत एकच चर्चा असते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे. ४३ फूट ही धोक्याची पातळी इथल्या लहान पोरालाही पाठ असते. हा रोज सकाळी तो आकडा लिहायचा, शेजारी राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले ते लिहायचा, आणि तिसऱ्या रकान्यात उद्याचा स्वतःचा अंदाज. चुकला की लाल शाईने गोल. एका वर्षी लाल गोलांची रांगच लागली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मी फक्त राधानगरीकडे बघत होतो. कुंभी आणि कासारी नद्यांकडचा पाऊस धरलाच नव्हता. पाणी सगळ्यांचंच येतं ना इथे."

ते बोलताना त्याचा चेहरा मी बघत होते. माणुसकीवरचा निबंध वाचताना तो असा नव्हता. विषय पुराचाच राहिला, पण जिन्यात बसलेलं पोर, तीन रकाने आणि लाल गोल त्याच्या मध्यभागी आले. विषय निवडणं म्हणजे बहुतेक वेळा नवीन विषय शोधणं नसतं. हातातल्या मोठ्या विषयात आपली पायरी कुठली, ते शोधायचं असतं.

म्हणून कुठल्याच विषयावर मी सरसकट फुली मारत नाही. पण काही वाटा फार तुडवलेल्या आहेत, हे माहीत असावं. वाढदिवसाला अनाथाश्रमात जाणं, शेवटच्या षटकात जिंकलेली मॅच, कमी पडलेले गुण आणि मग केलेली मेहनत, आजोबांचं जाणं, करोनातला एकटेपणा. यांतलं काही तुमच्यासाठी खरंच जिवाचं असेल तर लिहा, पण तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही माहीत नाहीत अशा तीन गोष्टी त्यात सांगता येतात का, ते बोटांवर मोजा. तीन मिळत नसतील तर तो विषय सगळ्यांचा आहे. आश्रमातल्या एका दिवसाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. तिथल्या मुलांच्या दुःखावर आपला निबंध उभा करू नये. दोन वर्षं दर शनिवारी जात असाल, तिथल्या एखाद्या मुलीने तुम्हाला गणितात चूक दाखवली असेल, तर गोष्ट वेगळी.

दुःखाच्या विषयांबद्दल एक काळजी घ्यावी. जे सांगताना अजून गळा दाटतो, ते निवडायचं की नाही हे मुलाने ठरवावं, कुणी सुचवू नये. एका मुलीला घरातल्यांनी वडिलांच्या आजारपणावर लिहायला लावलं होतं, कारण 'त्याने वाचणाऱ्याचं मन हलेल'. ती माझ्यासमोर दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबली आणि पुढे वाचू शकली नाही. आम्ही तो कागद घडी करून तिलाच परत दिला. त्या अर्जात अडचणी आणि परिस्थिती सांगायला वेगळी जागा असते, २५० शब्दांची. वडिलांची नोकरी गेली, घरात आजारपण होतं, त्या वर्षी गुण घसरले, हे तिथे चार सरळ वाक्यांत सांगता येतं. मुख्य निबंधाने ते ओझं वाहायलाच हवं असं नाही. हे कळल्यावर कितीतरी मुलं मोकळी होतात.

अर्जात दुसरीकडे काय लिहिलेलं आहे, हेही विषय ठरवताना समोर ठेवावं. उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकी १५० अक्षरांची. बक्षिसांसाठी पाच. गुणपत्रिका असते, शिक्षकांची पत्रं असतात. ऑलिंपियाड तिथे आलेलं असेल तर निबंधात ते पुन्हा कशाला? मी मुलांना उपक्रमांची यादी आधी भरायला लावते आणि मग विचारते, ही यादी वाचून तुझ्याबद्दल काय कळत नाही? त्या रिकाम्या जागेत बहुतेक वेळा विषय बसलेला असतो.

इचलकरंजीच्या एका मुलीची यादी अशीच चकचकीत होती. गणिताच्या परीक्षा, वक्तृत्व, रोबोटिक्सची कार्यशाळा. निबंधासाठी तिने गणिताची आवड घेतली होती आणि त्यात गणिताची व्याख्याच जास्त होती. घराबद्दल विचारलं की दोन शब्दांत उत्तर. "माग आहेत आमचे. सहा." सांगण्यासारखं काय त्यात, असा सूर. मी विचारलं, झोप कशी लागते तुला त्या आवाजात? ती म्हणाली, "आवाज बंद झाला की जाग येते. लाइट गेली की अख्खी गल्ली उठून बसते." मग हळूहळू बोलत गेली. भिंतीपलीकडे माग चालतात, कापड विणणारे यंत्रमाग. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जातो त्याचा एक ठोका असतो. कांडी, म्हणजे धोट्यातली सुताची गुंडाळी, संपत आली की तो ठोका किंचित बदलतो, आणि हिला अभ्यास करता करता ते कळतं. चौथीत असल्यापासून ती आतून ओरडायची, "पप्पा, तीन नंबर!" आई दुपारी कांड्या भरते, हीसुद्धा भरायची. रोबोटिक्सच्या कार्यशाळेत सेन्सरबद्दल शिकवत असताना हिच्या मनात आलं होतं की हे काम तर मी करते. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण बरोबरच्या मुलांना माग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं आणि तिला सांगायची लाज वाटली होती.

लाजेपाशी मी नेहमी थांबते. ज्या गोष्टीला मूल 'त्यात काय एवढं' म्हणतं आणि नजर दुसरीकडे वळवतं, तिथे खणून बघावं. मात्र खणायचं मुलाने. तिने होकार द्यायला चार दिवस घेतले.

तिच्या बाबतीत दुसरा प्रश्न आला, समजावून सांगण्याचा. ६५० शब्दांत अमेरिकेतल्या माणसाला यंत्रमाग, धोटा, कांडी, बीम, जॉबर हे सगळं सांगायचं तर निबंध तिथेच संपेल. आम्ही एक हिशेब केला: समजावण्यात ६० शब्दांपेक्षा जास्त जायला नकोत. धोट्याला एक वाक्य, कांडीला अर्धं, बाकीचं गाळलं. विषय निवडताना हा हिशेब आधीच करावा. तुमचा विषय अष्टविनायक यात्रेचा असेल किंवा घरातल्या कुळाचाराचा, आणि तो कळण्यासाठी पुराण सांगावं लागत असेल, तर एवढासा भाग कापून घ्या. नुसती नैवेद्याची ताटं कोण आधी वाढतं यावरची घरातली कुरबुर घेतली, तरी ती कुणालाही कळते. पण वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून आपल्या वस्तूंची नावंच काढून टाकू नयेत. धोट्याला धोटाच म्हणावं आणि पुढच्याच वाक्यात तो काय करतो ते दाखवावं.

माझ्या हातून झालेली चूक

भाच्याच्या वेळी विषय मी दिला होता. माझे वडील १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेले होते. मला वाटलं, इतका मोठा वारसा घरात आहे, दुसरं काही शोधायचंच कशाला. त्याने आज्ञाधारकपणे लिहिलं. लाठीमार, तुरुंग, तिरंगा. वाचून माझे डोळे भरले आणि मी म्हटलं, झालं. त्याच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने वाचून त्याला एवढंच विचारलं, "यात तू कुठे आहेस?" तो घरी येऊन माझ्यावर चिडला नाही, पण दोन दिवस नीट बोललाही नाही. मी त्याचा जवळजवळ एक महिना घालवला होता. सप्टेंबर संपत आला होता.

मग मी नुसतं ऐकलं. त्याला आजोबांबद्दलच बोलायचं होतं, पण सत्याग्रहाबद्दल नाही. दर महिन्याला तो त्यांना पेन्शनसाठी बँकेत घेऊन जायचा. रांगेत म्हातारी माणसं असायची, त्यांच्या स्लिपा हा भरून द्यायचा. हळूहळू ती माणसं त्याचीच वाट बघायला लागली. कुणाचा चष्मा घरी राहिला, कुणाला आकडा अक्षरी लिहिता येत नाही. एक आजी होत्या, नवऱ्याच्या पेन्शनला यायच्या. त्यांना सही करायला फार वेळ लागायचा. एकदा रांग मोठी होती, दुसऱ्या दिवशी याची परीक्षा होती, आणि याने मदत म्हणून काउंटरवरचं स्टॅम्प पॅड उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पॅड हाताने बाजूला सारलं आणि पेन घट्ट धरून सही पुरी केली. एकेक अक्षर सुटं. मागची रांग थांबलेली. सही झाल्यावर त्यांनी याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आत्या, मला वाटलं होतं मी चांगलं काम करतोय," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात तो त्यांच्यासमोर जायला कचरला होता, खांबाआड उभा राहिला होता.

हा विषय माझ्या डोक्यात कधीच आला नसता. आजोबा त्यात होते, बाकावर बसलेले, पासबुक पिशवीत ठेवणारे. पण मध्यभागी तो होता, त्याची घाई, त्याचं चुकणं, खांब. पहिल्या खर्ड्याच्या शेवटी त्याने लिहिलं होतं की या प्रसंगाने मला प्रत्येकाच्या स्वाभिमानाचा आदर करायला शिकवलं. ते वाक्य आम्ही काढलं. सही वाचली की ते कळतंच.

तेव्हापासून मी विषय देत नाही. दोन-तीन विषयांत मूल घुटमळत असेल तर घड्याळ लावून प्रत्येकावर दहा मिनिटं लिहायला सांगते, थांबायचं नाही, खोडायचं नाही. एका विषयावर चौथ्या मिनिटाला पेन टेबलावर पडतं. दुसऱ्यावर दहा मिनिटं झाली तरी मान वर होत नाही. निर्णय तिथेच झालेला असतो.

पैसे घेऊन विषय देणारेही आहेत, हे पालकांना सांगायला हवं. मोठ्या शहरातल्या एका सल्लागाराने इथल्या एका मुलाला सांगितलं होतं की गावात मुलींसाठी वाचनालय काढल्याचं लिही, फोटोची व्यवस्था करू. मुलाने नाही म्हटलं आणि वडिलांची बोलणी खाल्ली. मला त्या मुलाचा अभिमान वाटतो. खोटं लिहिलेलं सिद्ध झालं तर मिळालेला प्रवेशही जातो, हे आहेच. पण त्याही आधी सतराव्या वर्षी मुलाला आपण सांगतो की तुझं खरं पुरेसं नाही, हे मला सहन होत नाही. एआयकडून निबंध लिहून घेण्याबद्दलही तेच. त्याने तयार केलेला मजकूर आपला म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणुकीत धरलेलं आहे. आणि विषय त्याला विचारलात तर तो ज्या वाटा सगळ्यांनी तुडवल्या आहेत त्याच दाखवेल. जिन्यातली चौथी पायरी त्याला कुठून माहीत असणार?

निबंध चांगला झाला म्हणून प्रवेश मिळाला, असं मी कुठल्याच मुलाबद्दल सांगत नाही. गुण, कॉलेजची निवड आणि आर्थिक मदत किती मागितली आहे, या गोष्टी मोठ्या आहेत. परदेशी मुलांच्या बाबतीत पैशाची गरज न बघता प्रवेश ठरवणारी कॉलेजं थोडीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट त्यांत येतात, आणि तिथे गर्दी किती असते ते सांगायला नको. निबंध आपल्या हातातला भाग आहे, म्हणून त्याला वेळ द्यायचा.

वेळेचं गणित असं. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला त्या वर्षासाठी उघडतो. लवकरच्या फेरीची तारीख बहुतेक कॉलेजांत १ नोव्हेंबरच्या आसपास असते, म्हणजे दिवाळीचे दिवस. नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला, आणि पाठोपाठ बारावीची बोर्डाची परीक्षा उभी. म्हणून गणपती बसायच्या आत विषय ठरलेला असावा. गणपतीत कुणी लिहीत नाही, आणि लिहूही नये. तेवढे दहा-बारा दिवस विषय मनात मुरतो.

सगळीकडे हाच एक निबंध चालत नाही, हेही लक्षात ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चार घेऊन प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत लिहायचं असतं. तिथे चार वेगवेगळ्या बाजू दाखवायच्या, म्हणून घुटमळताना सुटलेले विषय टाकून देऊ नका, तिथे उपयोगी पडतात. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे, त्यात छोटी छोटी उत्तरं असतात. ब्रिटनमधल्या यूकास या सामायिक प्रवेश-अर्जाचं तर सगळंच वेगळं. २०२६ च्या प्रवेशापासून तिथे तीन प्रश्नांत मिळून ४,००० अक्षरांपर्यंत लिहायचं आहे आणि भर तुम्ही निवडलेल्या अभ्यासविषयावर असतो. बँकेतल्या आजी तिथे चालणार नाहीत.

विषय ठरला असं वाटलं की शेवटची एक गोष्ट करा. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा घरातल्या माणसाला तो मराठीत सांगून बघा, पाच मिनिटांत. सांगून झाल्यावर 'छान आहे' म्हणाले तर अजून शोधायला हवं. पुढचं काही विचारलं तर विषय मिळाला.

भाच्याने त्या दिवशी माझ्या आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून घेतलं, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आणि आता? येतात का रे त्या अजून?"

"येतात," तो म्हणाला. "परवा भेटल्या. पेन माझं मागून घेतलं."